आधी वायर, मग मशीन

तू व्हॉल्व्हची दोन मशिनं, म्हणजे अँप्लिफायर, घेऊन पळसदेवला येणार आहेस आणि आपल्या माडीवर बसून दोन्हींतलं एक ठरवणार आहेस, असं तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. जरूर ये. फक्त येण्याआधी हे वाच. एकदा गाणं लागलं की तू माझं काही ऐकणार नाहीस, हे मला ठाऊक आहे.

यातलं बरंचसं मला माझ्या वस्तादांकडून मिळालं. त्यांच्याकडे लग्नांच्या, जत्रांच्या आणि सभांच्या सुपाऱ्या असायच्या. भोंगे, त्यांची युनिटं, वायरची भेंडोळी आणि व्हॉल्व्हचं मशीन एवढा त्यांचा संसार. आवाज फाटतोय, घुमतोय, बायकांच्या बाजूला येतच नाही, अशी ओरड झाली की यजमान थेट मशीनकडे बोट करायचे. वस्ताद मात्र वायरीच्या टोकाकडे चालू लागायचे, आणि बहुतेक वेळा खोट तिथंच निघायची. 'मशीनबद्दल बोलायचं ते वायर बघून झाल्यावर' हा त्यांचा कानमंत्र. तुझ्या दोन मशिनांत तुला फरक ऐकू येईल, नक्की येईल. त्यातला मशीनचा किती आणि जोडणीचा किती, हे आधी निवडून काढलं नाहीस तर तू जोडणीच्या चुकीला हजारो रुपये मोजून बसशील.

आता सगळ्यात आधी पाळायची गोष्ट. व्हॉल्व्हचं मशीन स्पीकर जोडल्याशिवाय कधीही चालू करायचं नाही. तुम्हा पोरांना ट्रान्झिस्टरच्या मशीनची सवय. त्याला स्पीकर नसला तरी ते बिचारं गप्प बसून राहतं. त्याचं मरण शॉर्टमध्ये असतं, वायरीचे दोन पदर एकमेकांना टेकले की खेळ खलास. व्हॉल्व्हचं उलटं आहे. ट्रान्झिस्टरला शॉर्टचं भय, व्हॉल्व्हला ओपनचं. (म्हणून व्हॉल्व्हचं शॉर्ट करून बघायचं असं नाही. शॉर्ट दोघांनाही वाईटच.)

कारण समजून घे, म्हणजे विसरणार नाहीस. व्हॉल्व्हला शेकडो व्होल्टचा दाब लागतो पण त्यातून करंट जेमतेम वाहतो, आणि स्पीकरला नेमकं उलटं हवं असतं, थोडे व्होल्ट आणि भरपूर करंट. मधली देवघेव आउटपुट ट्रान्सफॉर्मर करतो. मशीनमधला सगळ्यात जड आणि सगळ्यात महाग तुकडा तोच. त्याच्या पलीकडे स्पीकर असेल तर आलेली ताकद आवाजात आणि उष्णतेत निघून जाते. स्पीकर नसेल आणि गाणं चालू असेल तर तिला वाट उरत नाही. व्हॉल्व्हमधला करंट तुटला की ट्रान्सफॉर्मरच्या व्हॉल्व्हकडच्या वेटोळ्यात व्होल्टेज उसळतं, नेहमीच्या कितीतरी पट. मग वेटोळ्यांमधलं इन्शुलेशन फुटतं, नाहीतर व्हॉल्व्हच्या सॉकेटमध्ये दोन पिनांच्या मध्ये ठिणगी पडते आणि काळा कार्बनचा रस्ता तयार होतो. तो रस्ता झाला की सॉकेट गेलंच.

म्हणून क्रम पक्का: आधी स्पीकर, मग मेन, मग आवाज. बंद करताना उलटा: आवाज खाली, मेन बंद, थोडं थांबून मगच स्पीकरच्या वायरीला हात.

नुसती वायर जोडलेली दिसते म्हणजे स्पीकर जोडलेला आहे, असंही धरू नकोस. मशीनकडची वायर काढलेली असताना तिच्या दोन टोकांना मल्टिमीटर ओहमवर लाव. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ६ दाखवतो, ४ चा ३ ते साडेतीन. घाबरू नकोस, स्पीकर बरोबर आहे. मीटर फक्त तांब्याच्या वेटोळ्याचा रोध मोजतं, आणि स्पीकरवर लिहिलेला आकडा चालत्या आवाजातला असतो. मीटरनं काहीच दाखवलं नाही तर मात्र वायर तुटली आहे किंवा स्पीकरचं कॉइल जळलं आहे. म्हणजे मशीनच्या दृष्टीनं स्पीकर नाहीच. हे मिनिटभराचं काम आहे आणि ते ट्रान्सफॉर्मर वाचवतं.

जुन्या मशीनचा तळ उघडून बघायची तुला हौस येणार. येऊ दे, पण मी शेजारी असताना. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० ते ४५० व्होल्ट साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही ते तिथं दबा धरून बसतात. मीटर डीसीवर लावून व्होल्टेज उतरलेलं बघायचं, नसेल उतरलं तर मोठ्या वॅटच्या रेझिस्टरनं उतरवायचं, स्क्रूड्रायव्हरनं ठिणगी पाडून नाही. आणि एक हात पाठीमागे. वस्ताद शिकवताना शिकाऊ पोराचा डावा हात त्याच्याच पट्ट्यात खोचायला लावायचे. दोन्ही हात मशीनमध्ये असले तर झटक्याचा रस्ता छातीतून जातो, म्हणून.

मशीनच्या पाठीमागे आता. तिथं बहुधा चार टर्मिनल दिसतील: ०, ४, ८, १६. काही मशिनांवर ० च्या जागी कॉमन लिहिलेलं असतं. स्पीकरचा काळा ० वर आणि लाल त्याच्या आकड्यावर. स्पीकर ८ चा तर ८ वर. दोन्ही बाजूंना सारखंच, डावीकडे ८ आणि उजवीकडे ४ असं होता कामा नये. हे सांगायची गरज नसावी, पण सोफ्यामागे अंधारात हात घालून वायर जोडणाऱ्यांचं काही सांगता येत नाही. स्पीकर ६ ओहमचा असेल तर ४ वर ऐक, ८ वर ऐक, ज्यावर बरं वाटेल तिथं ठेव. दोन्हींत मशीनला धोका नाही. एका टर्मिनलवर ८ चे दोन स्पीकर जोडायचे असतील तर समांतर जोडलेस की ४ होतात, एकापुढे एक जोडलेस की १६.

आपल्या कोठीत पडलेलं जुनं जत्रेचं मशीन मात्र घरच्या स्पीकरला लावायच्या फंदात पडू नकोस. त्याच्यावर ४, ८, १६ शिवाय १०० व्होल्टचंही टर्मिनल आहे. ते भोंग्यांच्या लाइनसाठी. लांबच लांब वायर ओढायची असते, वेशीपासून देवळापर्यंत, म्हणून मशीन व्होल्टेज चढवून पाठवतं आणि प्रत्येक भोंग्यावरचा छोटा ट्रान्सफॉर्मर ते पुन्हा उतरवतो. हिशेब बघ: ५० वॅट १०० व्होल्टनं पाठवले तर वायरीतून अर्धा अँपिअर जातो, तेच ५० वॅट ८ ओहमला थेट दिले तर अडीच अँपिअर. करंट पाचपट झाला की वायरीत वाया जाणारी ताकद पंचवीसपट होते. म्हणून जत्रेत बारीक वायरीवर भागायचं आणि घरात भागत नाही. १०० व्होल्टच्या टर्मिनलला घरचा स्पीकर लागला तर तो गेलाच. लाइनवर काम करताना चालू मशीनच्या टर्मिनलला हात लावलास तर तूही उडशील.

वायर कुठली, हा तुझा आवडता प्रश्न. त्याचं उत्तर फार छोटं आहे, म्हणून लोकांना पटत नाही. तांब्याची, घरातल्या फिटिंगला वापरतात तशी बारीक तारांची मऊ वायर, दीड चौरस मिलिमीटरची. स्पीकर मशीनपासून दहा मीटरवर असला तर जाऊन-येऊन वीस मीटर तांबं झालं, आणि दीडच्या वायरीत त्याचा रोध पाव ओहमच्या आसपास जातो. ८ ओहमच्या स्पीकरला ०.४ ओहमपर्यंत चालतं, वीसातला एक भाग, असा धंद्यातला ठोकताळा. स्पीकर ४ चा असला आणि अंतर लांब असलं तर अडीचची घे. आपल्या माडीवर तीन-चार मीटरच्या वर वायर लागायची नाही, त्यामुळे दीडची म्हणजे डोक्यावरून पाणी. मीटरला हजारो रुपये मोजून वायर घेणाऱ्यांना मी काही म्हणत नाही. त्यांनी मला विचारलेलं नाही.

एक फसवणूक तेवढी ओळखायला शीक. स्वस्तातल्या जाड, पारदर्शक, दिसायला देखण्या वायरी असतात. आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. एक तार ब्लेडनं खरवड. आत पांढरी निघाली तर ठेव परत. तिचा रोध जास्त असतो आणि टर्मिनलमध्ये ती दोन-चारदा वाकली की तुटते.

टोकं नीट करणं हेच खरं काम. सोललेल्या तारा पीळ देऊन एकजीव कर, एकही केस बाहेर सुटलेला दिसता कामा नये. शेजारच्या टर्मिनलला टेकलेला एक केस पुरतो. स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला सोल्डर मारायचा मोह आवर: सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू पसरतं, आणि काही महिन्यांनी तोच स्क्रू सैल झालेला असतो. त्याऐवजी टोकावर थिंबल दाब, ती पुण्यात तपकीर गल्लीत चिल्लर पैशांत मिळतात. आपल्याकडे पाण्याची हवा आहे. उजनी धरणाचं पाणी अंगणापर्यंत यायचं बाकी आहे, पावसाळ्यात तांबं काळवंडतं. काळी पडलेली टोकं कापून टाक आणि नव्यानं सोल. शिवाय उंदीर. पावसाळा संपला की शेतातला उंदीर घरात येतो आणि त्याला वायरीचं प्लॅस्टिक का आवडतं हे मला अजून कळलेलं नाही.

आता लाल आणि काळा. इथं घाई करू नकोस, कारण इथली चूक मशीनच्या नावावर खपते.

दोन्ही स्पीकरचे पडदे एकाच वेळी पुढे आणि एकाच वेळी मागे जायला हवेत. एका स्पीकरला वायर उलटी लागली की एक पडदा पुढे जाताना दुसरा मागे जातो. जोडीतला एक बैल पुढे आणि एक मागे ओढायला लागल्यासारखं. नांगर जागचा हलत नाही. आवाजाचं काय होतं? खर्ज नाहीसा होतो. तबल्याचा डग्गा पुठ्ठ्यावर मारल्यासारखा वाजतो, आणि गाणारा दोन स्पीकरच्या मधोमध बसलेला ऐकू येण्याऐवजी सगळ्या खोलीभर सांडतो. गंमत म्हणजे काही जणांना हेच आवडतं, 'काय मोकळा आवाज आहे' म्हणतात. एका मशीनला वायर सुलट आणि दुसऱ्याला उलट लागली असेल तर तू 'पहिल्याचा खर्ज चांगला, दुसरं मोकळं' असं सांगत पुण्याला परत जाशील, आणि दोन्ही मशिनं निर्दोष असतील.

तपासायची रीत साधी. मशीन बंद, वायर मशीनकडून सोडवलेली. दीड व्होल्टचा साधा सेल घे. मशीनकडच्या टोकाला जी वायर लालवर लावणार आहेस ती सेलच्या वरच्या टोपीला, दुसरी खालच्या बुडाला, क्षणभर टेकव आणि काढ. मोठ्या पडद्याकडे बाजूनं डोळा लाव. खट् असा आवाज येईल आणि पडदा बाहेर यायला हवा. तो नीट दिसला नाही तर बोटाची पेरं कडेवर हलकेच ठेव, कळतं. आत गेला तर वायर उलटी आहे. छोटा पडदा, ट्वीटर, हलणार नाही. त्याच्या वाटेत कपॅसिटर असतो. दोन्ही स्पीकरचं करून घे आणि लाल वायरीला टेपचा तुकडा गुंडाळून ठेव. हे एवढ्यासाठी की जुन्या जुळ्या वायरीचे दोन्ही पदर एकाच रंगाचे असतात, आणि एका कडेला असलेली बारीक रेघ माझ्या वयात दिसत नाही. तुझ्याही वयात संध्याकाळी दिसणार नाही.

सेल नसला तर कानानं. दोन्ही स्पीकर समोरासमोर तोंडं करून वीतभर अंतरावर ठेव, एकाच माणसाच्या बोलण्याचं काहीतरी लाव, आणि मशीन बंद करून एका स्पीकरची वायर उलटून पुन्हा ऐक. ज्या जोडणीत आवाज भरदार ती बरोबर.

इथल्या विजेबद्दलही सांगून ठेवतो, हे तुला पुण्यात कोणी सांगणार नाही. व्हॉल्व्हच्या आत तापणारी तार असते, हीटर. बहुतेक व्हॉल्व्हना ती ६.३ व्होल्टची लागते, आणि दहा टक्क्यांच्या पलीकडे वरखाली झालेलं तिला सोसत नाही. आपल्याकडे उसाच्या मोटारी चालू असल्या की व्होल्टेज बसतं, आणि रात्री मोटारी बंद झाल्या की एकदम चढतं. २३० च्या जागी २६० आले तर हीटरही तेवढाच जादा तापतो आणि व्हॉल्व्हचं आयुष्य झपाट्यानं खातो. मशीनच्या मागे २२०-२४० ची निवड असेल तर इथं २४० वर ठेव, आणि मधे स्टॅबिलायझर लाव. तुलना करतानाही हे लक्षात असू दे. एक मशीन दुपारी मोटारी चालू असताना ऐकायचं आणि दुसरं रात्री, ही तुलना नव्हे. मशीन अमेरिकेहून आलेलं असेल तर ते ११७ व्होल्टचं असू शकतं. पाठीवरची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावायचा नाही.

गुणगुण येते म्हणून प्लगची तिसरी, जाडी पिन काढून टाकणारे शहाणे भेटतील. त्यांना चहा पाज आणि वाटेला लाव. ती अर्थिंगची पिन आहे; ४०० व्होल्टचं मशीन लोखंडी चॅसीत ठेवून अर्थिंग तोडायचं म्हणजे पालीसारखं जाऊन चिकटण्याची सोय. पालीवरून आठवलं: गरम ट्रान्सफॉर्मरच्या उबेला पाल खरंच येऊन बसते. मशीनला जाळी असेल तर ती काढू नकोस. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं असतं, ते मी इथं बघतो.

आता तुलना. आवाज सारखा केल्याशिवाय पुढचं सगळं फुकट. कानाची एक खोड आहे. आवाज किंचित मोठा असला, इतका किंचित की मोठा आहे हे कळतही नाही, तरी कान म्हणतो 'हे जास्त चांगलं आहे'. दुकानदाराला हे माहीत असतं. म्हणून आवाज कानानं जुळवायचा नाही, मीटरनं जुळवायचा. मोबाइलवर ४०० हर्ट्‌झचा एकसुरी टोन घे, साधा मल्टिमीटर त्या पट्टीत नीट मोजतो. स्पीकर जोडलेला, मीटर एसी व्होल्टवर, टोकं स्पीकरच्या टर्मिनलवर. आवाज वाढवत २ व्होल्टवर आण. दुसरं मशीनही तितक्यावरच. २ आणि २.०५ इतका फरक चालेल, त्याच्या पलीकडे नको. बटणाची जागा पेन्सिलीनं खूण करून ठेव. दोन व्होल्ट म्हणजे ८ ओहमला किती, ठाऊक आहे? अर्धा वॅट. आणि तेवढ्यानं तुझी काकू खालून 'कमी करा' म्हणेल.

यावरून वॅटचंही कळेल. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ ला 'गीतरामायण' सुरू झालं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, बाबूजींचं, म्हणजे सुधीर फडक्यांचं, संगीत, ५६ गाणी. ते लोकांनी ऐकलं ते व्हॉल्व्हच्या रेडिओवर, आणि त्या रेडिओत आवाजाला बहुधा एकच व्हॉल्व्ह, चार-पाच वॅटचा. त्यावर खोलीच काय, दाराबाहेर ओसरीवर बसलेली माणसंही ऐकायची. मोठा हातभार स्पीकरचा. स्पीकर एका वॅटला किती डेसिबल देतो तो आकडा बघ. दोन स्पीकरमध्ये १० डेसिबलचा फरक असेल तर कमी आकड्याच्या स्पीकरला तेवढ्याच आवाजासाठी दहापट वॅट लागतात. जत्रेतला भोंगा शेपाचशे वॅटचा नसायचा, तरी संध्याकाळी पाण्यावरून पार पलीकडच्या काठाला ऐकू जायचा. थोडं त्याच्या कर्ण्यामुळं, थोडं पाण्यावरच्या गार हवेमुळं, ती आवाज खाली वाकवून लांब नेते.

म्हणून तुझ्या दोन मशिनांत एक ३००बीचं आठ वॅटचं आणि एक ईएल ३४ च्या जोडीचं पस्तीस-चाळीस वॅटचं असेल, तर निकाल मशीनच्या आधी स्पीकरनं लागतो. ३००बी हा वेस्टर्न इलेक्ट्रिकचा १९३८ चा व्हॉल्व्ह, एकटाच काम करतो, आणि त्याची बरीच मशिनं फीडबॅकशिवाय (बाहेर गेलेल्याचा अंश आत परत आणून चूक सुधारायची ती सोय) बांधतात. अशा मशीनची स्पीकरवरची पकड सैल असते. स्पीकरचा रोध सगळ्या सुरांना सारखा नसतो, खर्जात एका जागी तो एकदम चढतो. सैल पकडीच्या मशीनवर तिथं खर्ज फुगतो. कुणाला तो भरदार वाटतो, कुणाला घुमणारा. उलट इंग्लंडात विल्यमसनने १९४७ मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात जे सर्किट छापलं, १५ वॅटचं, भरपूर फीडबॅक असलेलं, त्यानं पकड आवळायचा रस्ता दाखवला, आणि जोडीच्या व्हॉल्व्हची बहुतेक मशिनं त्याच वाटेनं गेली. तेव्हा मित्राच्या घरी त्याच्या स्पीकरवर जे आवडलं ते आपल्या माडीवर आवडेलच असं नाही. तुझे स्पीकर घेऊन ये. माझे घेऊन तुझा निर्णय नको.

अदलाबदल करताना पुन्हा तो पहिला नियम आड येतो. बाजारात स्विचचे डबे मिळतात, बटण दाबलं की स्पीकर या मशीनवरून त्या मशीनवर. ट्रान्झिस्टरला ठीक. व्हॉल्व्हला डबा म्हणजे फास, कारण बटण दाबताच पहिलं मशीन गाणं चालू असताना बिनस्पीकरचं होतं. डबा वापरायचाच तर रिकाम्या मशीनला ८ ओहम, ५० वॅटचा रेझिस्टर आपोआप लागेल असा वापर, आणि लाल-काळ्या दोन्ही वायरी बदलणारा असू दे. दोन मशिनांचे काळे एकत्र बांधायचे नाहीत. काही मशिनांत काळाही जिवंत असतो. तो रेझिस्टर तापतो, फरशीच्या तुकड्यावर ठेव. डबा नको वाटला तर हातानंच बदल, आवाज खाली, मेन बंद, सगळं क्रमानं. वेळ लागतो, म्हणून गाण्याचा तुकडा छोटा घे. दोन्ही मशिनं आधी अर्धा तास तापू दे.

ऐकणारा पाठ करून बसेल, बदलणारा गप्प राहील. बदलल्याचं सोंग करून न बदलणं हेही त्यात आलं. वस्तादांच्या काळात असं कोणी करत नव्हतं, ही माझी स्वतःची भर आहे. आणि गाणं कुठलं लावायचं, तर आधी गाणं नकोच, बोलणं लाव. माणसाचा आवाज आपण जन्मापासून ऐकतोय. 'स' टोचतोय, 'म' नाकात जातोय, हे अडाण्यालाही कळतं. मग तानपुरा. तंबोऱ्याच्या तारेचा झणत्कार एका मशीनवर मिटत जाताना ऐकू येतो आणि दुसऱ्यावर मधेच पुसतो, हा फरक खरा आहे. मग भीमसेन जोशी लाव.

व्हॉल्व्ह घेताना डोळ्यांनी बघण्यासारखं थोडं आहे. काचेच्या आत बहुधा डोक्यापाशी चंदेरी लेप असतो. तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, व्हॉल्व्ह मेला. चालू असताना काचेच्या आतल्या अंगाला निळी झाक दिसली तर घाबरायचं कारण नाही. आतला पत्रा लाल होऊ लागला तर मात्र एका सेकंदात मेन बंद कर. छोट्या व्हॉल्व्हवर पेन्सिलीनं हलकी टिचकी मार, स्पीकरमधून टिंग टिंग फार वाजलं तर त्याला पहिल्या जागेवर बसवू नको, पुढच्या जागेवर चालतो. एके काळी बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह सहज मिळायचे. आता रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात. मशीन निवडताना विचारून घे की त्याचा पॉवर व्हॉल्व्ह कुठला आहे आणि तो बदलताना बायस (व्हॉल्व्हचा बसल्या जागचा करंट) पुन्हा लावावा लागतो का. लावावा लागत असेल तर तो कोण लावणार आणि तो माणूस कुठं राहतो, तेही विचार. केटी ८८ हा पॉवर व्हॉल्व्ह झोकात दिसतो, पण जोडी बदलायला निघालास की त्याचा झोक खिशाला कळतो.

माडीवर शहाबादी फरशी आहे आणि वर स्लॅब, आवाज घुमतो. खाली सतरंजी आणि स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर दोन गोधड्या टांगून ठेवतो, काकूला मी समजावीन. येताना मल्टिमीटर, दीड व्होल्टचे दोन सेल, ८ ओहमचे ५० वॅटचे दोन रेझिस्टर, थिंबल आणि ती दाबायची पक्कड घेऊन ये. इंदापूरला पक्कड मिळेल, रेझिस्टर मिळायचे नाहीत. आणि शनिवारी दुपारीच पोच, म्हणजे मोटारी चालू असताना आणि बंद झाल्यावर असं दोन्ही वेळेला व्होल्टेज मोजून घेता येईल.